मुरलेल्या चहाची पारख

चहा जितका ताजा तितका चांगला, असा भारतीय ग्राहकाचा सर्वसाधारण समज आहे. आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या चहापुरता तो खराही आहे. पुडा फोडल्यानंतर काही महिन्यांत त्याचा स्वाद उतरू लागतो आणि वर्ष-दोन वर्षांनी केवळ रंग तेवढा उरतो. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात होणारा पु-अर चहा मात्र या समजाला छेद देतो. हा चहा दहा, वीस, प्रसंगी पन्नास वर्षे जपून ठेवला जातो. वयाबरोबर त्याचा रंग, गंध, चव आणि किंमत या चारही गोष्टी बदलत जातात.

जुन्याचे मोल मराठी माणसाला नवे नाही. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो आणि लोणचे मुरल्यावरच खऱ्या चवीला येते. पण बरणीतले प्रत्येक लोणचे मुरतेच असे नाही. एखाद्या बरणीला बुरशीही येते. पु-अर चहाचेही तसेच आहे. मुरणे, शिळे होणे आणि कुजणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना काळच लागतो. हाती आलेल्या चकतीच्या बाबतीत यांपैकी नेमके काय घडले आहे, हे ओळखणे म्हणजे या चहाची पारख. वेष्टनावरचे वय हा विक्रेत्याचा दावा असतो. त्याची शहानिशा अखेर पेल्यातच होते.

नाव आणि गाव

पु-अर हे मुळात चहाचे नाव नसून गावाचे आहे. युन्नानच्या दक्षिण भागातील डोंगरांत पिकणारा चहा ज्या बाजारपेठेत जमा होत असे, तिचे नाव त्याला चिकटले. प्रत्यक्ष लागवड शीश्वांगबान्ना, पु-अर आणि लिन्त्सांग या भागांत होते. यीवू, यीबांग, मान्झुआन, गदंग, मांगझी आणि योउल या सहा जुन्या चहाच्या डोंगरांची नावे जाणकारांच्या तोंडी असतात. आधुनिक काळात या चहाची कीर्ती एवढी वाढली, की २००७ मध्ये सिमाओ या शहराने आपले नाव बदलून पु-अर असे करून घेतले. पुढे २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय मानकाने पु-अरची व्याख्या ठरवली. त्यानुसार युन्नानच्या निश्चित भूभागातील मोठ्या पानाच्या जातीचा, उन्हात वाळवलेला चहाच या नावाला पात्र ठरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पु-अर परिसरातील जिंगमाय डोंगरावरील प्राचीन चहावनांचा ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ब्लांग आणि दाय या जमातींनी ही वने पिढ्यान् पिढ्या राखली आहेत.

पु-अरसाठी लागणारी मोठ्या पानाची जात वनस्पतिशास्त्रात ‘आसामिका’ या नावाने ओळखली जाते, म्हणजे ती आसामच्या चहाची सख्खी नातलग आहे. ईशान्य भारतातील सिंगफो जमात आजही चहाची पाने भाजून, बांबूच्या नळीत ठासून आणि धुरावर राखून ‘फलाप’ नावाचा चहा करते. सिंगफोंचे भाऊबंद युन्नानमध्ये जिंगपो या नावाने राहतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युन्नानच्या दक्षिण टोकाचा चहा तिबेटला पाठवण्याचा एक मार्ग तर भारतातूनच जात होता. मेंगहाय, म्हणजे तेव्हाचे फोहाय, येथून निघालेला माल ब्रह्मदेशातून रंगूनला, तेथून बोटीने कलकत्त्याला, पुढे रेल्वेने उत्तर बंगालला आणि कालिंपाँगहून खेचरांच्या पाठीवर तिबेटला पोचत असे.

लांबच्या प्रवासासाठी चहा दाबून आटोपशीर करणे आवश्यक होते. त्यातूनच चकती, वीट आणि वाटीच्या आकाराचा गोळा हे पु-अरचे परिचित आकार रूढ झाले. ३५७ ग्रॅमची चकती हे सर्वाधिक प्रचलित माप आहे. अशा सात चकत्या बांबूच्या कोवळ्या सालपटात बांधल्या, की सुमारे अडीच किलोचा एक गठ्ठा होतो. गुळाच्या ढेपेप्रमाणे ही चकतीही फोडूनच वापरावी लागते. त्यासाठी टोकदार सळई किंवा बोथट सुरी मिळते.

आंबवणे म्हणजे नेमके काय?

काळ्या चहाला आपल्याकडे सर्रास ‘आंबवलेला’ म्हटले जाते. वास्तविक तेथे सूक्ष्मजीवांचा संबंध फारसा नसतो. पाने चुरडली, की त्यांतील विकरे हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने पानांचा रंग आणि चव पालटतात. ते ऑक्सिडीकरण होय. पु-अरमध्ये मात्र इडलीच्या पिठात घडते तसे, बुरशी, किण्व आणि जिवाणू यांच्या हातून खरेखुरे आंबणे घडते.

खुडलेली पाने प्रथम मलूल होऊ दिली जातात. नंतर मोठ्या लोखंडी कढईत ती परतली जातात, चोळली जातात आणि उन्हात वाळवली जातात. या कच्च्या मालाला ‘माओछा’ म्हणतात. हिरव्या चहाच्या तुलनेत कढईतील आच बेताची असते आणि वाळवणही उन्हातले असते. त्यामुळे पान पूर्णपणे निर्जीव होत नाही. त्यातील काही विकरे आणि भोवतालचे सूक्ष्मजीव आपले काम पुढे चालू ठेवू शकतात. पु-अर मुरू शकतो, त्याचे मूळ या अर्धवट सोडलेल्या कामात आहे.

माओछा वाफेवर मऊ करून दगडाखाली दाबला, की ‘शेंग’ म्हणजे कच्चा पु-अर तयार होतो. ताजेपणी तो पिवळसर, कडवट आणि चांगलाच तुरट असतो. पुढील दोन-तीन दशकांत त्यातील कॅटेचिन वर्गातील तुरट द्रव्ये घटतात, त्यांपासून तपकिरी रंगाची मोठी संयुगे बनतात आणि अर्क लालसर, मवाळ होत जातो.

दुसरा प्रकार ‘शू’ म्हणजे पक्का पु-अर. हाँगकाँगमधील उपाहारगृहांना वाफवलेल्या फराळाबरोबर देण्यासाठी गडद, मवाळ चहा मोठ्या प्रमाणावर हवा असे. नैसर्गिकरीत्या मुरलेला माल त्याला पुरा पडेना. तेव्हा १९७३ मध्ये खुनमिंग येथील कारखान्याने ग्वांगडोंग प्रांतातील प्रयोगांचा अभ्यास करून ‘वो-दुई’ ही ओल्या ढिगाची पद्धत विकसित केली. मेंगहायच्या कारखान्यानेही तिचा अंगीकार केला. यात माओछाचे मोठे ढीग पाण्याने भिजवून झाकले जातात. आतील उष्णता ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ढीग वेळोवेळी वरखाली केला जातो आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत पाने गडद तपकिरी होतात. या कामी ‘ॲस्परजिलस’ कुळातील बुरशींचा वाटा मोठा असतो.

पक्का पु-अर हा मुरलेल्या कच्च्या पु-अरचा पर्याय म्हणून जन्माला आला, तरी तो त्याची हुबेहूब प्रतिकृती नाही. त्याचा मातकट गोडवा स्वतंत्र आहे आणि त्याची पारखही स्वतंत्र निकषांवर करावी लागते. या दोहोंची गल्लत ही नवख्या ग्राहकाची पहिली चूक असते. अर्क गडद दिसला म्हणजे चहा जुना, असे त्याला वाटते. वास्तविक तो दीड-दोन महिन्यांत पिकवलेला आणि गेल्या वर्षीच दाबलेला असू शकतो.

कोठाराचा हात

एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन चकत्या वीस वर्षांनी ओळखू येणार नाहीत इतक्या भिन्न होऊ शकतात. हा फरक घडतो तो साठवणीमुळे. हवेत ओलावा आणि ऊब अधिक असेल तर चहा झपाट्याने मुरतो. हवा कोरडी आणि थंड असेल तर तो वर्षानुवर्षे जवळपास आहे तसाच राहतो.

हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी या गोष्टीचा पूर्वीपासून लाभ घेतला. तळघरांत किंवा दमट गोदामांत चहा काही काळ ठेवायचा, त्याचा कडवटपणा मोडायचा आणि मग कोरड्या जागी हलवून कुबटपणा घालवायचा, ही तेथील पारंपरिक रीत. तिला ‘ओली साठवण’ म्हणतात. कुशल हाताखाली ती उत्तम फळ देते. हात चुकला तर माल कुजतो. याउलट नैसर्गिक हवेत, हेतुपुरस्सर ओलावा न देता केलेली ती ‘कोरडी साठवण’. १९८९ ते १९९२ या काळात मेंगहायमध्ये तयार झालेल्या ‘७५४२’ या चकत्यांचा एक साठा हाँगकाँगमध्ये अशा कोरड्या पद्धतीने राखला गेला. पुढे तो ‘८८ छिंग’ या नावाने गाजला आणि कोरड्या साठवणीचा वस्तुपाठ ठरला. येथील ८८ हा आकडा वर्षाचा नाही. आठ हा अंक चिनी लोक शुभ मानतात, म्हणून ते नाव पडले.

सुमारे १९०० मीटर उंचीवरील खुनमिंगच्या कोरड्या हवेत ठेवलेला चहा सुगंध टिकवतो, पण मुरतो सावकाश. ग्वांगडोंगच्या दमट किनारी हवेतला चहा लवकर रंगतो, पण सांभाळावा लागतो. म्हणूनच अनुभवी खरेदीदार ‘किती वर्षांचा?’ या प्रश्नापाठोपाठ ‘कुठे राहिला?’ हे विचारल्याशिवाय राहत नाही.

वेष्टनावर किती विसंबावे?

जुन्या चकत्यांवरील कागद वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, पण तिला मर्यादा आहेत. सरकारी कारखान्यांच्या काळात चारअंकी क्रमांक रूढ झाले. त्यांतील पहिले दोन अंक ते मिश्रण कोणत्या वर्षी ठरले ते सांगतात, तिसरा अंक पानाची प्रत आणि चौथा अंक कारखाना दर्शवतो. एक म्हणजे खुनमिंग, दोन म्हणजे मेंगहाय, तीन म्हणजे श्यागुआन. त्यानुसार ‘७५४२’ म्हणजे १९७५ मध्ये ठरलेले, चौथ्या प्रतीच्या पानाचे, मेंगहाय कारखान्याचे मिश्रण. येथेच अनेकांची फसगत होते. ७५ हे पाककृतीचे वर्ष आहे, उत्पादनाचे नव्हे. हाच क्रमांक घेऊन चकत्या आजही बाजारात येतात.

जुन्या वेष्टनांवर उत्पादनाची तारीख सहसा छापलेली नसे. आठ लाल ‘चुंग’ अक्षरांच्या मध्यभागी हिरवे ‘छा’ अक्षर असलेले चिन्ह एकाहून अधिक कारखाने वापरत. कागद नव्याने छापता येतो, चहाच्या पाण्याने डागाळता येतो आणि जुन्या कागदात नवा माल गुंडाळताही येतो. त्यामुळे वेष्टन हा पुरावा धरला तरी तो दुय्यम होय.

पारखीची रीत

चहा पारखण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे हेतूही दोन आहेत. व्यावसायिक परीक्षणात मोजका चहा, त्याच्या पन्नासपट उकळते पाणी आणि घड्याळ लावून ठरवलेला वेळ असा शिरस्ता असतो. तीन ग्रॅमला दीडशे मिलिलिटर पाणी, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. अनेक मिनिटे भिजलेला अर्क दोष लपवू शकत नाही; मिठाचा खडा जसा वरणात, तसा कुबटपणा त्यात लगेच जाणवतो. परीक्षक चमच्याने अर्काचा मोठा भुरका मारतो, तो तोंडभर फिरवतो आणि थुंकून टाकतो. बशीतल्या चहाचा भुरका असभ्य मानणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण हवेबरोबर ओढलेला अर्क नाकाच्या मागील भागापर्यंत गंध पोचवतो.

दुसरी पद्धत आस्वादाची. झाकण असलेली छोटी चिनी मातीची वाटी, म्हणजे ‘गायवान’, घेऊन शंभर मिलिलिटर पाण्याला सहा-सात ग्रॅम चहा वापरला जातो. उकळत्या पाण्याने पाने एकदा धुऊन ते पाणी फेकले जाते. त्यानंतर पाच-दहा सेकंदांचे एकेक पाणी काढत जायचे आणि हळूहळू वेळ वाढवत न्यायचा. चांगला चहा अशी दहा-पंधरा पाणी सहज देतो. पहिल्या दोन पाण्यांत साठवणीचा वास बोलतो, मधल्या पाण्यांत पानाचा कस कळतो आणि शेवटच्या पाण्यांत तो कस कुठवर पुरतो ते दिसते. पहिल्या पेल्यावर मत देणारा परीक्षक बहुधा कोठाराची परीक्षा करत असतो, चहाची नव्हे.

चिनी मानकानुसार चहाची पाच अंगे तपासली जातात: बाह्य रूप, अर्काचा रंग, गंध, चव आणि भिजलेली पाने. गुणदानात गंध आणि चव यांचा वाटा मिळून निम्म्याहून अधिक असतो.

रूप : मुरलेल्या कच्च्या चकतीवर तपकिरी, किंचित तेलकट तकाकी असते. पाने एकमेकांपासून सुटी दिसू लागतात आणि चकती पूर्वीइतकी घट्ट राहत नाही. पृष्ठभाग निस्तेज आणि राखाडी असेल, पानांवर पांढरट थर असेल, तर ओलाव्याचा संशय घ्यावा. हिरवी, पिवळी किंवा काळी बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर पुढील परीक्षेची गरज नाही. तो चहा टाकून द्यावा.

रंग : नव्या कच्च्या पु-अरचा अर्क हिरवट पिवळा, दहा-बारा वर्षांचा मधासारखा आणि वीस-तीस वर्षांचा माणकाकडे झुकणारा लालसर तपकिरी असतो. पक्क्या पु-अरचा अर्क गडद तांबडा असतो. पण रंगाच्या छटेहून त्याची नितळता महत्त्वाची. उजेडात पेला धरला असता अर्क चमकला पाहिजे. ढिगातून नुकत्याच निघालेल्या पक्क्या चहाचा गढूळपणा काही काळाने निवळतो. तीस वर्षांचा म्हणून विकल्या जाणाऱ्या चहाचा गढूळपणा क्षम्य नाही.

गंध : मुरलेल्या चहाला येणाऱ्या गंधाला चिनी भाषेत ‘छन-श्यांग’ म्हणजे जुनेपणाचा सुवास म्हणतात. जुने लाकूड, कापूर, सुकी खारीक, औषधी मुळ्या अशा उपमा त्यासाठी दिल्या जातात. पक्क्या चहातील जुनाट, मातकट गंधामागे मेथॉक्सीबेन्झीन गटातील संयुगे असल्याचे रसायनशास्त्र सांगते. खरी कसोटी लागते ती सुवास आणि कुबटपणा यांतील सीमारेषेवर. पावसाळ्यात बंद राहिलेले कपाट उघडल्यावर येणारा वास आणि जुन्या सागवानी पेटीचा वास यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ही रेषाही कळेल. ओल्या साठवणीतला हलका कुबट वास दोन-तीन पाण्यांनंतर मावळला, तर तो दोष सौम्य मानतात; पाचव्या-सहाव्या पाण्यातही तो टिकून राहिला, तर चहा आतून बिघडलेला असतो. नव्या पक्क्या चहाला मासळीसारखा ढिगाचा वास येतो, तो काही महिन्यांत किंवा वर्षांत जातो. आंबट वास मात्र ढिगाची प्रक्रिया चुकल्याची खूण होय.

चव : कडू आणि तुरट या चवी पु-अरमध्ये दोष नाहीत, त्या जिभेवर अडून राहणे हा दोष आहे. चांगल्या चहाचा कडवटपणा क्षणात विरघळतो आणि मागाहून गोडी येते. आवळा खाऊन वर पाणी प्यायले असता जी गोडी जिभेवर उमटते, तिच्याशी मराठी वाचक परिचित आहेच. याच अनुभवाला चिनी परीक्षक ‘हुई-गान’ म्हणजे परतून आलेला गोडवा म्हणतात. त्याबरोबर तोंडाला सुटणारे पाणी, अर्काचा दाटपणा आणि तो घशाखाली किती सहज उतरतो, याही गोष्टी पाहिल्या जातात. गिळल्यानंतर घशात रेंगाळणाऱ्या ओलसर, गार जाणिवेला फार मान आहे. उलट घसा कोरडा पडणे, आवळल्यासारखा होणे किंवा खवखवणे, हे साठवण किंवा प्रक्रिया बिघडल्याचे लक्षण मानतात. चहा पिऊन अंगात ऊब चढते, चित्त स्थिर होते, अशा परिणामाला ‘छा-छी’ म्हणजे चहाची ऊर्जा म्हटले जाते. ती व्यक्तिसापेक्ष असल्याने गुणपत्रिकेत तिला स्थान नाही. बाजारात मात्र तिचे नाव घेऊन भाव चढवला जातो.

चोथा : भिजून उलगडलेली पाने हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. विक्रेता वेष्टन बदलू शकतो, अर्क गडद करू शकतो. पण चोथ्याला बोलण्यापासून रोखू शकत नाही. उत्तम मुरलेल्या कच्च्या चहाची पाने तांबूस तपकिरी, लवचीक आणि सजीव वाटतात. बोटांत चोळली तरी लगद्यासारखी होत नाहीत. काळी, कडक, शेवटच्या पाण्यापर्यंत न उलगडणारी पाने ही अति ओलाव्याची किंवा अति उष्णतेची खूण. हिरवी, तपकिरी आणि काळी पाने एकत्र दिसली, तर निरनिराळ्या वयाचा माल किंवा कच्च्यात पक्का मिसळल्याची शक्यता बळावते.

खोट्या वयाचा बाजार

वयाला किंमत आली, की खोटे वयही आलेच. नव्या कच्च्या चकत्या दमट खोलीत कोंडून काही महिन्यांत त्यांना दशकांचा रंग दिला जातो. असा चहा रंगाने म्हातारा आणि चवीने पोरका असतो: अर्क काळसर, वास कुबट, तरीही खाली कच्चा कडवटपणा शिल्लक. चकतीचा वरचा थर आणि गाभा वेगवेगळा भिजवून पाहणे ही यावरची एक सोपी तपासणी. नैसर्गिक साठवणीत बाहेरचा भाग आतल्यापेक्षा थोडा पुढे गेलेला असतो. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असेल तर घाई झाली आहे असे समजावे.

वयाच्या जोडीला अलीकडे झाडाच्या वयाचाही दावा केला जातो. शेकडो वर्षांच्या झाडांच्या पानांना बागेतील झुडपांच्या पानांच्या अनेक पट भाव मिळतो. त्यामुळे लाओ बानझांग किंवा बिंगदाओ अशा नामांकित गावांचे नाव छापलेला प्रत्येक पुडा तेथलाच असेल, याची खात्री देता येत नाही.

२००७ चा धडा

जुना पु-अर दीर्घकाळ हाँगकाँगच्या उपाहारगृहांतील स्वस्त पेय होता. शेवंतीच्या फुलांबरोबर तो आजही तेथे दिला जातो. १९९५ मध्ये तैवानमध्ये देंग शीहाय यांचे ‘पु-अर छा’ हे पुस्तक आले आणि जितका जुना तितका सुगंधी, ही धारणा घरोघरी पोचली. हाँगकाँगच्या गोदामांतील जुना माल तैवानी संग्राहकांनी उचलला. २००० नंतर चीनमधील मध्यमवर्गही या चहाकडे वळला आणि चकत्या शेअरप्रमाणे विकत घेतल्या जाऊ लागल्या. २००७ च्या वसंत ऋतूत भाव शिखरावर गेले आणि त्याच वर्षी ते कोसळले. ग्वांगझू शहरातील फांगछुन या घाऊक बाजारपेठेपासून युन्नानच्या खेड्यांपर्यंत चढ्या भावाने माल भरलेले व्यापारी अडकले. पाने खुडणाऱ्या शेतकऱ्यांचे हिशेब उलटेपालटे झाले. झांग जिंगहोंग या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या उलथापालथीची यीवूच्या परिसरातून केलेली नोंद वाचण्याजोगी आहे.

या घसरणीत चहा वाईट झाला नव्हता; न चाखता केलेली खरेदी वाईट ठरली. अनेक चकत्या एकदाही न फोडता हातोहात फिरल्या होत्या. त्या मुरतील की कुजतील, हे ठरायला वीस वर्षे लागणार होती आणि बाजाराला तेवढा धीर नव्हता.

आरोग्याचे दावे

पु-अर चरबी वितळवतो, कोलेस्टेरॉल उतरवतो, असे दावे जाहिरातींत आढळतात. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पु-अरमधील ‘थिआब्राउनिन’ या गडद द्रव्याचा आतड्यांतील जिवाणूंवर आणि कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसला होता. ते संशोधन प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेले होते. त्यावरून पेल्यातील चहाला औषधाचा दर्जा देणे घाईचे ठरेल. मुरल्याने कॅफीन नाहीसे होत नाही, हेही झोपेची तक्रार असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या बाजूने, साठवणीत बुरशीचे विषारी घटक तयार होतात का, यावर २०१७ मध्ये चीनमध्ये मोठा वाद झडला होता. नीट आंबवलेला चहा आणि बुरशी लागलेला चहा यांत फरक करणे, हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय.

जुनेपणाची सीमा

चहा जितका जुना तितका उत्तम, या धारणेला खुद्द राजवाड्यातून उत्तर मिळाले आहे. छिंग राजवटीत युन्नानहून बीजिंगच्या दरबारात भोपळ्याच्या आकाराचे पु-अरचे गोळे नजराणा म्हणून जात. १९६३ मध्ये राजवाड्यातील उरलेल्या चहाचा दोन टनांहून अधिक साठा निकाली काढण्यात आला, तेव्हा त्यातील काही गोळे जतन करण्यात आले. त्या वेळी जुना चहा उकळून चाखल्याचे वृत्तान्त सांगतात, की अर्काला रंग होता, पण चव फिकी पडली होती. जतन केलेल्यांपैकी एक गोळा २००७ मध्ये मोठ्या समारंभाने प्रदर्शनासाठी पु-अरला नेण्यात आला. वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने तो अमोल आहे. पेल्याच्या दृष्टीने त्याचा बहर केव्हाच सरला होता.

म्हणजे मुरण्यालाही चढ, माथा आणि उतार आहे. उत्तम पान, नेटकी प्रक्रिया आणि जागरूक साठवण असेल तर हा माथा उंच असतो आणि दीर्घकाळ टिकतो. सामान्य पानाला मात्र पन्नास वर्षेही असामान्य करू शकत नाहीत. तसा चहा फक्त जुना होतो.

चाखताना आणि घेताना

- चकती घेण्यापूर्वी नमुना चाखावा. निदान सहा-सात पाणी काढल्याशिवाय मत बनवू नये.
- वयासोबत साठवणीचे ठिकाण विचारावे. उत्तर मोघम असेल तर वयही मोघम समजावे.
- अर्काचा गडदपणा पाहण्यापेक्षा नितळपणा पाहावा.
- कडवटपणा जातो की राहतो आणि त्यामागून गोडी येते की नाही, याकडे लक्ष द्यावे.
- चोथा टाकण्यापूर्वी बोटांनी उलगडून पाहावा.
- मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने चकती भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवावी व अधूनमधून तपासावी. चहा भोवतालचा वास ओढून घेतो. त्यामुळे मसाल्याचे डबे, उदबत्ती किंवा डांबराच्या गोळ्या यांच्या शेजारी तो कदापि ठेवू नये.
- गुंतवणूक म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: भाव उद्या निम्म्यावर आला तर हा चहा आनंदाने पिता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल तरच चकती घरी आणावी.